ज्याला दारू सोसत नाही

श्रोतेहो, नमस्कार. दोन घोट पोटात गेले की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळायला लागतं आणि गडी ग्लास खाली ठेवतो. असा माणूस तुमच्या पाहण्यात असेल. मंडळी त्याची टर उडवतात. मला विचाराल तर काळजी करावी ती पेगवर पेग रिचवूनही ज्याला काही होत नाही त्याची. पुढे व्यसन जडण्याचा धोका त्यालाच जास्त असतो, कारण ‘बस’ म्हणून सांगणारं त्याच्या शरीरात कुणी नसतं.

शरीरात दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. हे विषारी. मग एक एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, त्याची विल्हेवाट लावतं. चीन, जपान, कोरियातल्या पुष्कळ लोकांत हे एन्झाइम जन्मतःच कमजोर असतं. विष साचतं आणि तोंड लाल होतं.

दारू सुटावी म्हणून हाच त्रास मुद्दाम घडवून आणणारं औषध म्हणजे डायसल्फिराम. डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे संशोधक जंतांवर औषध शोधत होते. गोळी त्यांनी स्वतःच घेऊन पाहिली, आणि नंतर दारू घेतली की भलताच त्रास होऊ लागला. १९४८ साली त्यांनी हे जाहीर केलं. औषध गुणाचं, पण प्यायची तलफ आली की माणूस दारू नव्हे, गोळी सोडतो. म्हणून घरचे कधी ती जेवणात गुपचूप कालवतात. कृपा करून असं करू नका, जिवावर बेतू शकतं.

बरं, त्रास झाला म्हणजे माणूस थांबतोच असंही नाही. जपानमध्ये उपचाराला आलेल्या दारूड्यांत त्या कमजोर एन्झाइमचा जनुक असलेले १९७९ साली अडीच टक्के होते, १९९२ साली तेरा. एवढ्या काळात जनुक काही बदलत नाहीत. बदलला तो प्यायचा रिवाज, चारचौघांचा आग्रह. आणि लाली सोसून पीत राहणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी जास्त.

सकाळच्या हँगओव्हरचंही तेच. तो इतका उशिरा येतो की दोष दारूला जातच नाही. ‘काल जेवलो नव्हतो ना’ म्हणून मोकळं व्हायचं. काहीजण तर उताऱ्यासाठी पुन्हा घोटभर घेतात.

हल्ली लाली दिसू नये म्हणून पार्टीआधी अ‍ॅसिडिटीची किंवा अ‍ॅलर्जीची गोळी घेणारेही आहेत. गोळीने चेहरा निवळतो. अ‍ॅसिटाल्डिहाइड मात्र आत तेवढंच राहतं, आणि त्रास जाणवत नाही म्हणून पिणं वाढतं.