दोन उंबरठ्यांची सुईण

(दृश्य: पहाटेचा अंधार. गाडीची डिकी उघडते.)

या दोन पिशव्या नीट पाहा. एकीत हातमोजे, नाळेचे चिमटे, कात्री, बीपीचं मशीन, भरपूर टॉवेल. दुसरी बहुतेक वेळा न उघडताच परत येते. बाळाच्या नाकातोंडावर बसेल एवढासा मास्क, हवा द्यायचा फुगा आणि सलाइनचं सामान तिच्यात आहे. पण ती सोबत नसेल तर ही बाई घरातून पाऊल बाहेर टाकत नाही.

ही कम्युनिटी मिडवाइफ. सुईणच म्हणा, पण रीतसर शिकलेली, परवाना असलेली. सकाळी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी, दुपारी बाळंतिणींकडे घरोघर, आणि रात्री फोन आला की या पिशव्या.

(दृश्य: क्लोज-अप, लाकडी नळी. पोटावर हात.)

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची ही नळी म्हणजे पिनार्ड हॉर्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ अडॉल्फ पिनार्ड यांनी ती बनवली. पिशवीत ठोके ऐकवणारं डॉप्लर यंत्र आहे, तरी हिचा हात आधी नळीकडेच जातो.

त्याआधी ती पोट चाचपते. बाळाची पाठ कुठल्या अंगाला आहे, डोकं किती खाली उतरलंय. पाठीच्या बाजूला, खांद्याच्या आसपास ठोके सगळ्यात स्वच्छ लागतात. जागा सापडली की नळीचं रुंद तोंड पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि हात काढून घ्यायचा. बोटं नळीवर राहिली तर त्यांचीच घासाघास ऐकू येते. आता पाहा, तिची बोटं आईच्या मनगटावर गेली. आईची नाडी बाळाची समजण्याची चूक होऊ नये, म्हणून.

मिनिटाला ११० ते १६० ठोके ठीक. कळा जोरात सुरू झाल्या की दर १५ मिनिटांनी ऐकायचं, कळ ओसरल्या ओसरल्या, पूर्ण एक मिनिट. आईला जोर करावासा वाटू लागला की दर ५ मिनिटांनी. रात्रभर.

हे एक मिनिट आम्ही कापलेलं नाही.

(एक मिनिट निवेदन नाही.)

बाळंतपण घरीच झालं पाहिजे असा हिचा अजिबात हट्ट नाही. ठोके मंदावले, पाणी हिरवट आलं, बीपी चढलं, कळा येऊनही पुढे काही सरकेना, की ती फोन उचलते. इंग्लंडमध्ये सुमारे ६४ हजार कमी जोखमीच्या बाळंतपणांचा अभ्यास झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना बाळंतपणाच्या आधी किंवा लगेच नंतर दवाखान्यात हलवावं लागलं. आधी बाळंतपण झालेल्या बायकांमध्ये हेच प्रमाण १२ टक्के होतं. पहिलटकरणींच्या बाळांना घरी धोका थोडा जास्त असल्याचंही त्यात दिसलं. हलवण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र तातडीचं नव्हतं. बाळंतपण रेंगाळलं, एवढंच. या ४५ टक्क्यांना काही जण अपयश म्हणतात. आम्ही या रात्री तिच्यासोबत होतो, आम्हाला तसं म्हणवत नाही. वेळेवर दवाखान्यात हलवणं हे तिचं कामच आहे.

(दृश्य: रुग्णवाहिकेचं दार. ती आईच्या मागोमाग चढते.)

आतलं चित्रण आमच्याकडे नाही. काचेतून दिसतात ते तिच्या मांडीवरचे कागद. ती लिहितेय, प्रत्येक नोंदीपुढे वेळ, मिनिटासकट. दवाखान्याच्या दारात ती चार वाक्यांत सगळं सांगेल: कितवं बाळंतपण, कितवा आठवडा, कळा कधीपासून, शेवटचे ठोके किती. त्या चार वाक्यांमागे अख्खी रात्र आहे आणि ती रात्र दुसऱ्या कुणाला माहीत नाही. तरीही काही ठिकाणी मिडवाइफला दारातूनच परत पाठवतात. नेमक्या त्याच वेळी आईला ओळखीचा एक हात हवा असतो. तिला आत घ्या, एवढंच आमचं मागणं आहे. आणि अशा बाया आहेत तरी किती? २०२१ च्या जागतिक अहवालानुसार जगात सुमारे ९ लाख मिडवाइफ कमी आहेत.

सिझेरियन करावं लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

(दृश्य: काही दिवसांनी. घर. वजनकाट्यावर बाळ.)

वजन झालं. टाके पाहून झाले. बाळ छातीशी नीट धरलंय की नाही, ते ती शेजारी बसून बघते आणि आईच्या पाठीमागची उशी थोडी वर सरकवते.

मग आई विचारते, "त्या रात्री नक्की काय झालं हो? मला मधलं काही आठवतच नाही."

ती कागद काढते, चष्मा लावते आणि पहिल्या नोंदीपासून वाचायला लागते. "रात्री ९ वाजून १० मिनिटं. तुम्ही खिडकीपाशी उभ्या होतात."