शेजाऱ्याला हत्यार दिलं, पुढे काय?

राम राम मंडळी. वरणगाव-भुसावळकडच्या लोकांना ऑर्डनन्स फॅक्टरी काही नवीन नाही, गल्लीत एखादा तरी तिथला निघतोच. तर आज त्याच लाईनीतला विषय, आपण शेजारच्या छोट्या देशांना लष्करी मदत देतो ती खरंच कामाला येते का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. येते, पण आपली माणसं तिथे मुक्काम ठोकून बसली की गडबड सुरू होते.

१९८८ चं मालदीव बघा, ३ नोव्हेंबरला भाडोत्री बंदूकवाले माले शहरात घुसले, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून आपले पॅराट्रूपर हुलहुलेच्या विमानतळावर उतरले, काही तासांत बंड मोडलं. त्याच्या एक वर्ष आधी आपण श्रीलंकेत शांतिसेना पाठवली होती, ती गेली होती तमिळ वाघांची हत्यारं जमा करायला आणि लढत बसली त्यांच्याशीच. जवळपास बाराशे जवान गेले हो. वरून तिथलंच सरकार म्हणायला लागलं की आता निघा, १९९० मध्ये परत आलो.

भूतानचं कोणी बोलत नाही, पण मला तेच सगळ्यात भारी वाटतं. तिथल्या सैन्याला आपण कित्येक वर्षं ट्रेनिंग देतोय, आणि डिसेंबर २००३ मध्ये आसामच्या उल्फा वगैरे अतिरेकी संघटनांचे तिथले कॅम्प उठवायला त्यांचं सैन्य स्वतः उतरलं, राजासकट.

आता पुन्हा मालदीव. आपण हेलिकॉप्टर दिली, डॉर्नियर विमान दिलं, बेटांवरचे पेशंट त्यातूनच दवाखान्यात जायचे. पण उडवायला माणसं आपलीच, म्हणजे शेजाऱ्याला पाण्याची मोटार दिली आणि बटण दाबायला रोज आपलाच सालदार. तिथे भारतीय सैनिक हटवा म्हणत 'इंडिया आउट' मोहीम सुरू झाली, मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परत. मग त्यांच्याच संरक्षणमंत्र्याने सांगितलं की हे उडवू शकणारं आमच्याकडे कोणी नाही! आपले सिव्हिलियन टेक्निशियन आधीच जाऊन बसले होते म्हणून निभावलं.

आणि विमान दिल्याने समोरचा ऐकतो असंही नाही बरं का. श्रीलंकेला १५ ऑगस्ट २०२२ ला डॉर्नियर दिलं, दुसऱ्याच दिवशी चीनचं युआन वांग ५, म्हणजे आपला आक्षेप असलेलं टेहळणीचं जहाज, तिथल्या हंबनटोटा बंदराला लागलं.

जुलै २०२५ मध्ये त्याच मुइझ्झूंच्या सैन्याला आपण ७२ गाड्या दिल्या. गाडी तर तिकडचा ड्रायव्हर पण चालवेल.