सिंगापूरचं उदाहरण देताना शेजारच्या मलेशियाला विसरू नका

नमस्कार मंडळी. विषय छापलाय 'शेजारी देशांमधलं राहणीमान आणि स्वातंत्र्य', पण तुम्हाला जगभर फिरवायचा माझा विचार नाही, एकच जोडी घेतो, सिंगापूर आणि मलेशिया. का, तर आपल्याकडे चार माणसं जमली की त्यातला एक तरी म्हणतोच, अरे या देशाला दहा वर्षं कडक माणूस पाहिजे, बघा ते सिंगापूर कुठल्या कुठे गेलं! आणि बाकीचे तिघे माना डोलावतात. मला हे वाक्य जरा उलटंपालटं करून बघायचंय.

या दोन देशांच्या मधे समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्यावर कॉजवे, म्हणजे भराव टाकून केलेला रस्ता, 1924 साली सुरू झालेला, लांबी साधारण एक किलोमीटर. एका टोकाला मलेशियाचं जोहोर बारू, दुसऱ्या टोकाला सिंगापूरचं वुडलँड्स. 1963 ते 1965 हे दोघं एकाच देशात होते, मग 9 ऑगस्ट 1965 ला फारकत झाली. त्यानंतरही 1973 पर्यंत दोघांचं चलन एकास एक चालायचं, आणि आज एका सिंगापूर डॉलरला तीनपेक्षा जास्त मलेशियन रिंगिट मोजावे लागतात.

पहाटे चार-साडेचारला त्या कॉजवेवर मोटरसायकलींची जी रांग लागते ना, ती एकदा बघण्यासारखी आहे. हजारो माणसं, जोहोरमधे राहणारी आणि सिंगापूरच्या फॅक्टरीत, हॉटेलात, हॉस्पिटलात काम करणारी, पासपोर्ट खिशात आणि झोप डोळ्यात. सगळी मिळून रोज तीन लाखांच्या वर माणसं ये-जा करतात. शनिवार-रविवारी उलटा पूर, सिंगापूरवाले किराणा भरायला, केस कापायला, गाडी धुवायला जोहोरला येतात. पेट्रोल तिकडे इतकं स्वस्त की सिंगापूर सरकारचा नियमच आहे, देशाबाहेर गाडी न्यायची तर टाकी निदान पाऊण भरलेली पाहिजे, नाहीतर दंड. आणि मलेशियानेही सबसिडीचं पेट्रोल परदेशी नंबरप्लेटला बंद करून ठेवलंय. म्हणजे राहणीमान कुठे चांगलं या प्रश्नाचं उत्तर लोक रोज आपल्या पायांनी देतात, फक्त ते एकाच दिशेचं नाहीये. पगार इकडे, घर तिकडे. सिंगापूरमधे साधी गाडी घ्यायची म्हटली तरी आधी सीओई नावाचं दहा वर्षांचं परमिट लिलावात घ्यावं लागतं, आणि ते कधीकधी एक लाख डॉलरच्या वर जातं. गाडी वेगळी बरं का, हा नुसता कागद.

आता कडकपणाकडे येऊ. सिंगापूरमधे एकट्या माणसाने फलक धरून उभं राहायचं तरी परमिट लागतं, हाँग लिम पार्कमधे एक कोपरा दिलाय भाषणांसाठी, तिथेही आधी नाव नोंदवायचं. 1959 पासून एकच पक्ष सत्तेत. हे सगळं आपल्याला ऐकून माहीत असतं. जे माहीत नसतं ते हे की हीच हत्यारं मलेशियाकडेही होती, आणि काही तर शब्दशः तीच. खटला न चालवता डांबून ठेवायचा कायदा मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या मुख्य भागात, 1960 साली झाला आणि विलीनीकरणात सिंगापूरला लागू झाला. राजद्रोहाचा कायदा दोघांकडे ब्रिटिशांचा होता, छापखान्याचं लायसन्स दोघांकडे. 1987 हे वर्ष घ्या. मे-जूनमधे सिंगापूरने 'मार्क्सवादी कट' म्हणून 22 जणांना उचललं, त्यात चर्चचे कार्यकर्ते, वकील, नाटकवाले. ऑक्टोबरमधे मलेशियाने शंभरावर लोकांना उचललं आणि तीन वर्तमानपत्रांची लायसन्स थांबवली. एकाच वर्षात, एकाच कॉजवेच्या दोन्ही बाजूंना, एकाच घराण्यातले कायदे वापरून.

मग तोंड बंद ठेवल्यामुळेच समृद्धी येत असेल तर ती दोघांकडे सारखी का नाही आली?

जो फरक पडला तो वेगळ्या गोष्टींनी पडला. 1960 पासून सिंगापूर सरकारने घरं बांधायला घेतली, 1966 च्या कायद्याने जमीन स्वस्तात ताब्यात घेतली, आणि आज जवळपास 80 टक्के रहिवासी सरकारी फ्लॅटमधे राहतात, तेही बहुतेक स्वतःच्या मालकीच्या, पगारातून कापलेल्या प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेल्या. लाचलुचपत पकडणारी यंत्रणा खरोखर दात असलेली, 2024 साली एक माजी मंत्री तुरुंगात गेला. आणि एक बंदर-शहर चालवणं नि समुद्रापलीकडे बोर्नियो बेटावरच्या सबा-सारावाकपर्यंत पसरलेला देश चालवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हेही मान्य करायला हवं नाहीतर मलेशियावर अन्याय होईल. यातल्या कुठल्याही गोष्टीसाठी फलक धरणाऱ्या माणसाला अडवायची गरज नव्हती असं माझं मत आहे, तुम्ही भांडू शकता.

स्वातंत्र्य मोजताना तर आणखीच गुंता होतो. मलेशियात मोर्चे निघतात, स्वच्छ निवडणुका मागणाऱ्या बेर्सिह चळवळीच्या पिवळ्या टी-शर्टवाल्यांनी क्वालालंपूरचे रस्ते भरून टाकले होते, आणि 2018 साली 61 वर्षं सत्तेत असलेली आघाडी मतपेटीतून घरी गेली, पुढे माजी पंतप्रधान नजीब भ्रष्टाचारात दोषी ठरून तुरुंगातही गेले. ते मतदान बुधवारी ठेवलं होतं, आणि सिंगापूरमधे काम करणाऱ्या सर्वसाधारण मलेशियन मतदारांना पोस्टाने मत देता येत नव्हतं, तर ही माणसं बसने, गाडीने, जमेल तसं कॉजवे ओलांडून मत द्यायला घरी गेली. ज्यांच्याबद्दल आपण म्हणतो की पोट भरलं की स्वातंत्र्याचं कोणाला पडलंय, तीच ही माणसं.

पण त्याच मलेशियात मलय माणसाला इस्लाम सोडणं जवळजवळ अशक्य, कारण राज्यघटनेत मलय असण्याची व्याख्याच धर्माला जोडलेली. मलय लोकांना झुकतं माप देणाऱ्या 1971 च्या धोरणापासून चिनी आणि भारतीय वंशाच्या मुलांना सरकारी कॉलेजात जागा मिळवताना धाप लागते, त्यातली हुशार मुलं मग सिंगापूर गाठतात. समलिंगी संबंधांवरचा गुन्हा सिंगापूरने 2022 मधे काढून टाकला, मलेशियात तो अजून आहे. उलट सक्तीची फाशी मलेशियाने 2023 मधे रद्द केली, सिंगापूर अमली पदार्थांच्या बाबतीत अजून देतंय. आणि सिंगापूरमधे रात्री एक वाजता बाईने एकटीने बिनधास्त घरी चालत जाणं, हे कुठल्या रकान्यात टाकणार, राहणीमान की स्वातंत्र्य?

मागे बसलेल्या एका काकांनी चिठ्ठी पाठवलीय, तुम्ही कुठे राहाल? काका, हे मला वय, वंश, धर्म नि बँकेतली शिल्लक सांगितल्याशिवाय ठरवता येणार नाही. जोहोरच्या चिनी मुलीला विचारलंत तर ती सिंगापूर म्हणेल, सिंगापूरचा रिटायर्ड मास्तर म्हणेल जोहोरला मोठं घर घेतो पण ऑपरेशनला परत येईन, आणि बांधकामावरचा बांगलादेशी मजूर, जो दोन्हीकडे डॉर्मिटरीतच राहतो, त्याला तर या तुलनेत कोणी धरतच नाही. माझं विचाराल तर नोकरीच्या वयात सिंगापूर, आणि लिहायचं-बोलायचं असेल तर सध्या तरी क्वालालंपूर. दुसरी चिठ्ठी या दोन देशांमधल्या पाण्याच्या कराराबद्दल आहे, ती घेऊया.