माळव्यातल्या रात्री आणि एक ऑर्किड

इंदूर, लोकमान्य नगर. पूर्वेची खिडकी आणि तिच्यात ही पारदर्शक कुंडी. आत चिमूटभरही माती नाही. झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा आणि थोडा काथ्या.

हे फॅलेनॉप्सिस, ऑर्किडचाच एक प्रकार. नर्सरीतून हौसेनं घरी येतं आणि बहुतेक वेळा जास्त पाण्यानं जातं. आपल्याला सवय तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालायची! हे मात्र मुळात झाडाच्या फांदीवर राहणारं. बांडगूळ नव्हे बरं का. त्या झाडाचा रस हे शोषत नाही, नुसता आधार घेतं. मुळं उघड्या हवेत.

जरा जवळून बघा. हे मूळ रुपेरी दिसतंय, म्हणजे कोरडं आहे. आता पाणी पडलं... आणि बघता बघता हिरवं झालं. मुळावरच्या जाड, सच्छिद्र आवरणानं पाणी शोषून घेतलं. मुळं हिरवी दिसताहेत तोवर पाणी द्यायचं नाही. या घरातल्या काकू कॅलेंडर बघत नाहीत, कुंडी बघतात. सकाळी पाणी घालतात, पूर्ण निथळू देतात आणि पानांच्या बेचक्यात साचलेला थेंब कापडानं टिपतात. तो तिथं राहिला तर शेंडा कुजतो.

उन्हाळा जड जातो. पारा चाळिशीपार, हवा कोरडी. कूलरचा ओलावा चालतो, थेट झोत नको. आणि आंब्याची पेटी दुसऱ्या खोलीत ठेवा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्यानं कळ्या गळतात.

फुलांसाठी मात्र गारवा हवा. रात्रीचं तापमान १६ ते १८ अंशांपर्यंत उतरलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की दांडा निघतो. 'शब-ए-मालवा' म्हणून इथल्या रात्रींचं कौतुक उगाच झालेलं नाही. दिवाळीच्या सुमारास काकू ही खिडकी रात्रभर उघडी ठेवतात. घरातले कुरकुरतात, ते वेगळं.

पानाच्या बगलेतून हे टोक आलंय. मूळ की दांडा? मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं. हे चपटं आहे, बाजूला खाचही आहे. दांडाच! आता कुंडी फिरवायची नाही. दांडा उजेडाकडे वळतो, फिरवत राहिलं तर वेडावाकडा वाढतो. फुलं यायला अजून दोन-तीन महिने. संक्रांतीचं हळदीकुंकू बहुतेक हुकणार.