बिननावाचा गुलाब

श्रोतेहो, सिद्धेश्वराच्या यात्रेतील गड्ड्याच्या गर्दीतून वाट काढत आपण या सभागृहापर्यंत आलात, याचा मला फार आनंद आहे. हा विषय मांडायला याहून योग्य काळही नाही, कारण सोलापुरात गुलाबाची काडी भरवशाने मूळ धरते ती याच थंडीत. ‘जुन्या गुलाबांचे जतन’ असा विषय पत्रिकेवर छापला आहे आणि जतनाची कृती मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी एक आग्रह मांडतो. ज्या झाडाचे नाव आपल्याला ठाऊक नाही त्याला ओढूनताणून नाव चिकटवू नये, आणि नाव नाही एवढ्यावरून ते हलक्या प्रतीचेही ठरवू नये.

उत्तर कसब्यातील आमच्या वाड्यात न्हाणीच्या मोरीलगत जो गुलाब आहे, तो माझ्या आजीने मैंदर्गीच्या माहेराहून आणलेल्या काडीचा. फूल फिकट गुलाबी, वाटीसारखे उघडणारे, मध्यभागी पाकळ्यांची दाटी आणि चुरगळ. फांदी जवळून पाहिली तर मोठ्या बाकदार काट्यांच्या अधूनमधून बारीक केसाळ काटेही दिसतात. सकाळी परसात पाऊल टाकताच वास येतो आणि उन्हे चढली की पाकळ्या झडतात. म्हणून हारवाल्यांना तो कधी चालला नाही, आणि आजीच्या गुलकंदाच्या बरणीला मात्र तोच लागे. थंडीत त्याला भरघोस बहर येतो आणि पावसाळ्यात पुन्हा थोडी फुले येतात. पुष्करचा दमास्क गुलाब, ज्याला तिकडे चैती म्हणतात, वर्षातून एकदाच बहरतो; त्यामुळे आमचे झाड ते नव्हे, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

काही वर्षांपूर्वी या फुलांच्या काही फांद्या मी एका पुष्पप्रदर्शनात नेल्या. प्रवेशपत्रिकेत ‘जातीचे नाव’ असा रकाना होता. मी तेथे ‘अज्ञात, मैंदर्गी’ असे लिहिले. टेबलावरील गृहस्थांनी रकाना असा सोडता येणार नाही, काहीतरी लिहाच, असे सांगितले. मी नकार दिला तेव्हा फुले ‘इतर’ विभागात गेली, आणि तेथे त्यांचे गुण कापले गेले ते कळी उंच व टोकदार नाही या कारणासाठी. आता टोकदार कळी हे हायब्रिड टी या आधुनिक गुलाबांच्या वर्गाचे लक्षण आहे. १८६७ सालचा ‘ला फ्रान्स’ हा त्या वर्गातला पहिला गुलाब मानला जातो, आणि त्यापूर्वी अस्तित्वात असलेल्या वर्गांतील गुलाबांना जगभर जुने गुलाब म्हणून वेगळे स्थान दिले जाते. नव्याच्या मापाने जुन्याला मोजायचे आणि मग ते मापात बसत नाही म्हणून त्याला नापास करायचे, याला परीक्षण म्हणता येत नाही. याहून वाईट पुढेच घडले. दुपारी परत गेलो तेव्हा माझ्या फुलांपुढे कोणीतरी ‘ग्लॅडिएटर’ अशी चिठ्ठी ठेवली होती! ग्लॅडिएटर हा १९५५ सालचा, गडद रंगाचा, लांब दांड्याचा गुलाब. आपल्या फूलबाजारात त्याची सर्वांना ओळख आहे. माझे फूल त्याच्या जवळपासही नव्हते. तरीही पुढच्या हंगामात एक बागप्रेमी सद्गृहस्थ ‘तुमचा तो फिकट ग्लॅडिएटर’ मागण्यासाठी घरी आले. एक खोटी चिठ्ठी किती दूर जाते, ते त्या दिवशी मला दिसले. रिकामा रकाना पुढच्या माणसाला शोध घ्यायला लावतो. चुकीचे नाव मात्र तो शोध तेथेच थांबवते.

येथे एक उपकथा सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे नवे गुलाब ज्या खुंटांवर, म्हणजे मुळे असलेल्या खालच्या झाडावर, हव्या जातीचा डोळा (अंकुर) भरून तयार करतात, त्यांत एडवर्ड या जुन्या, सुवासिक गुलाबाचा वापर बराच होत आला. हिंदी महासागरातील रेयुनियों बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो आढळला. विकत आणलेल्या कलमाचा वरचा भाग उन्हाळ्यात जळतो, खुंट खालून फुटतो, आणि घरातील पुढची पिढी त्यालाच आजोबांनी लावलेला गुलाब म्हणते. आमचे झाडही एडवर्डच्या जवळचे दिसते; पण जवळचे दिसणे म्हणजे तेच असणे नव्हे.

बर्म्युडा बेटावर या प्रश्नाचे फार समंजस उत्तर सापडते. तेथील जुन्या बागांत नाव हरवलेले जे गुलाब मिळाले, त्यांना ‘गूढ गुलाब’ म्हणतात आणि मूळ नाव सिद्ध होईपर्यंत सापडल्या ठिकाणावरून किंवा जपणाऱ्या माणसावरून ओळखतात. ‘स्मिथ्स पॅरिश’ हे तेथील एका विभागाचे नाव मिळालेला गुलाब त्यांतील एक. ‘उत्तर कसबा’, ‘मैंदर्गी’ अशी तात्पुरती ओळख आपणही देऊ शकतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून कृती थोडक्यात सांगतो. बी पेरून तेच झाड मिळत नाही. काडी किंवा गुटीच (झाडावरच मुळे फोडलेली फांदी) हवी. नुकत्याच फुलून गेलेल्या फांदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्यावी, खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली द्यावा आणि दोन डोळे वाळू-पोयट्याच्या मिश्रणात पुरावेत. नुसती काळी माती वापरू नये, कारण ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. पालवी दिसली म्हणून काडी उपटून पाहू नये. ती काडीतील साठ्यावरही फुटते, मूळ मागाहून येते. पहिला उन्हाळा कुंडीतच, सावलीत काढावा आणि मृगाच्या पावसावर रोप जमिनीत लावावे. खड्ड्यात तळाला मुरूम व वर भरपूर शेणखत घालावे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता समजावी. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, नुसते टाकले तर चुना ते बांधून ठेवतो, म्हणून शेणखतात मुरवून द्यावे. अनोळखी झाडाची पहिल्या वर्षी छाटणी करू नये, कारण एकदाच बहरणारे गुलाब जुन्या फांदीवर फुलतात आणि अवेळी छाटल्यास वर्षाचा बहर जातो. आणि प्रत्येक झाडाची निदान दोन रोपे दुसऱ्यांच्या परसात असावीत. वाडा पाडायला माणसे आली की एका दुपारी सर्व संपते.

दाराशी ओल्या गोणपाटात आमच्या गुलाबाच्या काड्या ठेवल्या आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी न्याव्यात आणि आज रात्रीच मातीत लावाव्यात.