दुधाचीच दाढ आहे की, पडंल!

नमस्कार श्रोतेहो.

मी दातांची डॉक्टर. आपल्या सोलापुरात पूर्व भागात माझा दवाखाना आहे, त्याला आता 23 वर्षं झाली. या भागात दिवसभर तीन भाषा कानावर पडतात. मराठी, तेलुगू आणि कन्नड. पण माझ्या खुर्चीत बसल्यावर तिन्ही भाषांतलं पहिलं वाक्य मात्र एकच असतं. "तसं दुखत नव्हतं ओ मॅडम, म्हणून आलो नव्हतो."

आज बोलायचं ते या वाक्याबद्दलच. कारण लोक मला जे प्रश्न विचारतात, ते फिरून फिरून इथंच येतात.

दाताचं वरचं कवच, ज्याला आम्ही इनॅमल म्हणतो, ते आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण गोष्ट. हाडापेक्षाही कठीण. पण त्यात नस नसते. त्यामुळे कीड त्या कवचात शिरते तेव्हा काहीच कळत नाही. आतल्या थरात गेली की गार पाणी, गोड पदार्थ झिणझिणतो. आणि रात्री दोन वाजता उठून बसावं लागतं, तेव्हा ती कीड आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. म्हणजे कळ येणं ही सुरुवात नसतेच, बहुतेक वेळा तो शेवटचा टप्पा असतो. पहिल्या टप्प्याला साधं सिमेंट भरून भागलं असतं. शेवटच्या टप्प्याला रूट कॅनाल, वर कॅप, नाहीतर दाढ काढणं. खर्चाचा फरक तुम्हीच लावा.

'कीड' हा शब्दही फसवा आहे. लोकांना वाटतं, आत खरोखर अळी बसलीय. कुणी धुरी देऊन अळी काढून दाखवतो म्हणाला, तर हात जोडून घरी यावं. दातात अळी नसते. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल कवच विरघळवतं. एकदा गोड खाल्लं की तोंडातली लाळ हे आम्ल निस्तरायला अर्धा ते एक तास घेते. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं. संक्रांतीला जेवणावर चार तिळगूळ खाल्ले, मग चूळ भरली, तर ते परवडतं. पण मागावर उभं राहून तासातासाला अर्धा कप गोड चहा घेणाऱ्याची लाळ बिचारी दिवसभर कामावरच असते. तिला सुट्टी नाही.

आता लहान मुलांकडे येते, कारण माझा जीव सगळ्यात जास्त तिथं तुटतो.

मागच्या आठवड्यातलीच गोष्ट. दुसरीतली मुलगी, वय 7. गाल सुजलेला. खालची दाढ आतून काळी, पोखरलेली. मी आईला म्हटलं, ही वाचवायला हवी. आई म्हणाली, "दुधाचीच दाढ आहे की, पडंल!" आणि मुलीची आजी मागून, "आमच्या वेळंला कुठं होते डॉक्टर?"

मी आईच्या हातात छोटा आरसा दिला आणि म्हटलं, ताई, समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजा. त्यांनी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच... सहा. पुन्हा मोजलं. सहाच.

दुधाचे दात एकूण 20 असतात. वरच्या-खालच्या जबड्यात, प्रत्येक बाजूला पाच. सहावी दाढ ही दुधाची असूच शकत नाही. ती साधारण सहाव्या वर्षी, शेवटच्या दुधाच्या दाढेमागे मुकाट्यानं उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. ती कायमची. आयुष्यभराची. आणि तिच्या वरच्या पृष्ठभागावर इतक्या खोल खाचा असतात की बिस्किटाचा लगदा तिथं बसला की ब्रशही पोचत नाही. ही दाढ निरोगी असतानाच त्या खाचा बुजवून घेता येतात. त्याला सीलंट म्हणतात. ना सुई, ना ड्रिल.

घरी मोजताना पुढचा एखादा दात पडलेला असेल, तर त्याची रिकामी जागाही मोजायची. नाहीतर हिशेब चुकतो.

बरं, दाढ खरोखर दुधाची असली तरी "पडंल" म्हणून सोडता येत नाही. पुढचे दात सहा-सात वर्षांत पडायला लागतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या खालून येणाऱ्या दाताची जागा धरून ठेवतात, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी. रुमाल उचलला की मागची मोठी दाढ पुढे सरकते आणि खालून येणारा दात वाकडा तरी येतो, नाहीतर अडकतो. मग बाराव्या वर्षी तारा लावायला याल, आणि मलाच विचाराल, आमच्यात कुणाचेच दात वाकडे नाहीत, हिचेच कसे?

बाळांच्या बाबतीत एकच विनंती. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तो आला की रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. झोपेत लाळ कमी होते, साखर घातलेलं दूध वरच्या पुढच्या दातांवर साचून राहतं, आणि दोन वर्षांच्या लेकराचे चार दात तपकिरी खुंट होऊन बसतात. असं लेकरू हसतं तेव्हा आई पदरानं त्याचं तोंड झाकते. मी पाहिलंय.

पेस्ट किती, हा नेहमीचा प्रश्न. जाहिरातीत ब्रशवर लाटेसारखी पेस्ट दाखवतात, ती पेस्ट खपावी म्हणून. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. पेस्ट फ्लोराइडची असावी. मुलं सात-आठ वर्षांची होईपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवायचा. ज्याला अजून स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही, त्याला मागच्या दाढा काय घासता येणार? आणि घासून झालं की फक्त थुंकायचं. खळखळून चुळा भरल्या की फ्लोराइड सगळं बेसिनमध्ये. नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब ठेवणारे आपण सोलापूरकर, आपल्याला तर ही सवय लगेच लागायला हवी.

ब्रश दिवसातून दोनदा. त्यातलं एकदाच जमत असेल, तर रात्रीचं सोडू नका.

आता मोठ्यांचं. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : दात साफ करून घेतले की हलायला लागतात का? नाही. दातांवर जमलेला दगडासारखा थर हिरडीला खाली ढकलत असतो. तो काढला की मोकळी जागा दिसते, जिभेला लागते, चार दिवस गार पाण्याचा शहारा येतो, आणि लोकांना वाटतं डॉक्टरनं दात ढिले केले. हाडाची झीज आधीच झालेली असते, थरानं ती झाकलेली असते इतकंच. तसंच हिरडीतून रक्त येतं म्हणून त्या जागेला ब्रश लावायचा बंद करतात. उलट आहे. तिथं मऊ ब्रशनं जास्त जपून घासायचं असतं. मधुमेह असेल तर हिरड्यांकडे दुप्पट लक्ष. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येणं अवघड होतं, असं ते दुहेरी असतं.

वरची दाढ काढली की नजर कमी होते, हेही खोटं. दाढेची नस आणि डोळ्याची नस यांचा संबंध नाही. चाळिशी लागायच्या वयातच दाढा काढायची वेळ येते, म्हणून बिल दाढेच्या नावावर फाडलं जातं.

मिश्रीबद्दल बोलायला मला थोडं जड जातं, कारण समोर बसलेली बाई अनेकदा माझ्या आईच्या वयाची असते. दिवसभर सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या हातांना मी काय शिकवणार? पण अक्का, तव्यावर काळी भाजली म्हणून तंबाखूचा तंबाखूपणा जात नाही. दात स्वच्छ होतात असं वाटतं, प्रत्यक्षात ते झिजतात, हिरड्या उतरतात. आणि दिवसातून चार-पाच वेळा 'दात घासायला' उठावंसं वाटतं, ती स्वच्छतेची आवड नसते. एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची बंद करा, मग संध्याकाळची. सकाळची शेवटी.

पोरांचा मावा-सुपारीचा प्रकार आणखी वाईट. परवा एक 22 वर्षांचा मुलगा आला. म्हणाला, "मॅडम, शेंगाचटणी खाल्ली की तोंड जळायलंय." सोलापूरचा पोरगा, आणि त्याला शेंगाचटणी सोसेना! मी म्हटलं, तोंड उघड आणि तुझी तीन बोटं उभी आत घाल. दोनच गेली. गालाच्या आत बोट फिरवलं तर मऊ लागायला हवं तिथं दोरीसारखे कडक पट्टे. सुपारीनं तोंडाचं कातडं आतून आकसत जातं, ते हे. आणि याचाच पुढे कर्करोग होऊ शकतो. तीन बोटांची ही चाचणी आज घरातल्या मुलाकडून करून घ्या, हसत-खेळत. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर ती दुखो न दुखो, दाखवायचीच. अशा जखमा सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाहीत. पुन्हा तेच वाक्य, बघा.

एक गोष्ट मात्र अशी आहे की तिथं अर्ध्या तासाचाही उशीर चालत नाही. गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडू लागून पुढचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर तो पुन्हा बसवता येतो. एका मुलाचा दात त्याच्या मित्रांनी आणून दिला होता, साबणानं स्वच्छ घासून, रुमालात गुंडाळून. इतकी माया, आणि सगळी वाया. मुळावरच्या ज्या पेशींनी दात पुन्हा धरला असता, त्या घासल्यानं आणि वाळल्यानं मेल्या. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर क्षणभर दुधानं किंवा पाण्यानं धुवा. कोपऱ्यावरच्या दुकानातून गार दुधाची पिशवी घ्या, दात त्या दुधात टाका आणि निघा. दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालून येणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

आणि दुखऱ्या दाढेशेजारी गोळी दाबून ठेवू नका. गोळी पोटात जाऊन काम करते, हिरडीवर ठेवली की हिरडी भाजते. रस्त्याकडेला बसून तासाभरात 'पक्का दात' बसवून देणाऱ्यांकडेही जाऊ नका. शेजारच्या चांगल्या दातांना ते जे चिकटवतात, त्याखाली घाण साचते आणि एकाचे तीन दात जातात.

आता शेवटचा प्रश्न, अस्सल सोलापुरी. जुन्या मिलमधून निवृत्त झालेले एक आजोबा कवळी बसवायला आले होते. मापं झाली, रंग ठरला. उठता उठता हळूच विचारलं, "कडक भाकरी खाता येईल का?" मी म्हटलं, पहिले काही दिवस वरण-भात. मग ताजी मऊ भाकरी आमटीत कुस्करून, दोन्ही बाजूंनी सारखी चावत. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, हिरडीला विश्रांती हवी. गरम पाण्यात नको, वाकडी होते.

दीड महिन्यानं आले ते कागदात गुंडाळलेली कडक भाकरी घेऊनच. माझ्या टेबलापाशी उभं राहून तुकडा मोडला, दाढेखाली घेतला. कट्ट! बाहेर बसलेले पेशंट वळून बघायला लागले. मीही खूश झाले. मग विचारलं, आजोबा, कवळी रात्री काढून ठेवता ना?

आजोबांनी खिडकीकडे पाहिलं.

नमस्कार.