सोडून दिलेली यानं आणि वर्गणीवाले लोक
(पुण्यातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं काटछाट करून)

पेपरात बातमी येते की अमुक यानाशी संपर्क तुटला किंवा मिशन संपलं, आणि आपण समजतो की गेलं ते. पण मंडळी, यातली काही यानं गेलेली नसतातच. इकडे जमिनीवर बजेट संपतं, टीम दुसऱ्या मिशनवर जाते, जुनी मशीनं भंगारात जातात, आणि यान बिचारं आपलं सिग्नल पाठवत बसतं. म्हणून यान पुन्हा जिवंत करायचं म्हणजे बरेचदा यानाला काही करायचं नसतं, खाली आपण जे हरवून बसलोय ते परत जमवायचं असतं.

सगळ्यात भारी उदाहरण आयएसईई-३ या यानाचं. १२ ऑगस्ट १९७८ ला नासानं सोडलं. पृथ्वी आणि सूर्याच्या मधे, आपल्यापासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर एल-वन म्हणून जागा आहे, आपलं आदित्य जिथं गेलं तीच, तिथं पोचलेलं हे पहिलं यान. काम काय, तर सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांचा झोत, मोजायचा. मग रॉबर्ट फार्क्वार नावाचा कक्षांची गणितं करणारा अवलिया म्हणाला, हे यान धूमकेतूकडे नेऊ या. इंधन तर तेवढं नाही, मग चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाचे धक्के घेत घेत, शेवटच्या वेळी चंद्राच्या पृष्ठभागावरून जेमतेम १२० किलोमीटरवरून, याला बाहेर काढलं आणि ११ सप्टेंबर १९८५ ला ते जियाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतून गेलं. धूमकेतूजवळ गेलेलं पहिलं यान! हॅलेच्या धूमकेतूची एवढी चर्चा झाली, पण त्याच्याकडची यानं पोचली ती १९८६ मधे, हे आधीच जाऊन आलं होतं.

१९९७ मधे नासानं मिशन बंद केलं, पण यानाचा ट्रान्समीटर चालूच राहिला. आणि कक्षा अशी होती की २०१४ मधे ते पुन्हा पृथ्वीजवळून जाणार. तेव्हा नासाचं उत्तर काय, तर याच्याशी बोलणारे ट्रान्समीटर आम्ही कधीच काढून टाकलेत, नवीन बनवायला पैसे नाहीत. म्हणजे यान ठीक, बोलायचं साधनच नाही.

इथं डेनिस विंगो हा इंजिनियर आणि कीथ काउइंग हा अवकाश-पत्रकार, हे नासाबाहेरचे दोघं येतात. त्यांनी वर्गणी काढली. हो, वर्गणीच, आपल्या मंडळासारखी, फक्त ऑनलाइन. मागितले सव्वा लाख डॉलर, जमले जवळपास एक लाख साठ हजार. ऑफिस कुठं होतं माहितीये? कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्राच्या आवारात एक बंद पडलेलं मॅकडोनाल्ड होतं, त्यात. त्याला ते मॅकमून्स म्हणायचे. विंगोच्या टीमनं तिथंच आधी १९६६-६७ च्या लुनार ऑर्बिटर या चंद्रयानांच्या जुन्या टेपवरून चंद्राचे फोटो परत मिळवले होते, त्यामुळे जुन्या वस्तूंशी झटापट करायची सवय होती.

खरं काम मला विचाराल तर कागदांचं होतं. या यानात कॉम्प्युटर नाही, सगळं खालून एकेक कमांड पाठवून चालवायचं, आणि कोणती कमांड कशी हे लिहिलेली कागदपत्रं विखुरलेली. रिटायर झालेल्या इंजिनियरांना शोधा, जुने मॅन्युअल मिळवा, असं चाललं होतं. जुनं हार्डवेअर राहिलं नव्हतं, तर त्याचं काम सॉफ्टवेअरमधे लिहून काढलं. पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या ३०५ मीटरच्या डिशवर सिग्नल जोरात पाठवणारा अ‍ॅम्प्लिफायर नेऊन बसवला. नासाशी लेखी करार केला, कारण दुसऱ्याच्या यानाला परस्पर कमांड नाही पाठवता येत, आणि वापरात नसलेलं यान असं बाहेरच्यांच्या हाती देण्याचा नासाचा तो पहिलाच करार. २९ मे २०१४ ला त्यांनी जाहीर केलं की यानाशी दोन्ही बाजूंनी बोलणं झालंय.

२ जुलैला थ्रस्टर, म्हणजे यानाला ढकलणारी छोटी इंजिनं, पेटली, १९८७ नंतर पहिल्यांदा, यानाचं स्वतःभोवती फिरणं मिनिटाला १९.१६ वरून १९.७६ फेऱ्यांवर आलं. पण ८ जुलैला कक्षा बदलण्यासाठी मोठं फायरिंग करायला गेले तर जमेना. इंधन ढकलायला जो नायट्रोजन लागतो तो संपला असावा असं निघालं. कक्षा बदलायचं राहिलं, ऑगस्टमधे यान चंद्राजवळून निघून गेलं, १६ सप्टेंबरला शेवटचा संपर्क. काही जण म्हणतात फेल गेलं. मला नाही पटत, कारण ३६ वर्षांच्या यानाकडून मधल्या काळात डेटा आला आणि तो सगळ्यांना बघायला मिळाला.

बाकीची पटकन सांगतो. नासाचा ‘इमेज’ नावाचा उपग्रह २००५ मधे गप्प झाला, जानेवारी २०१८ मधे कॅनडातला एक हौशी माणूस भलताच उपग्रह शोधत होता आणि त्याला हा सापडला, बोलता! ब्रिटनमधल्या एका हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, २०१३ मधे १९६५ चा एलईएस-१ उपग्रह ऐकू आला. आणि माझा आवडता उपग्रह एओ-७, हॅमवाल्यांनीच बनवलेला, १९७४ चा. १९८१ मधे बॅटरी शॉर्ट होऊन मेला, २००२ मधे तोच शॉर्ट उघडला असावा आणि हा थेट सोलर पॅनलवर चालायला लागला. ऊन असलं की चालू, सावली आली की बंद.

दरवेळी कोणीतरी विचारतं की आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं असं का नाही करायचं, ४५ मीटरच्या ३० डिश आहेत की. तर एक म्हणजे जीएमआरटी फक्त ऐकतं, पाठवत नाही. दुसरं, आयएसईई-३ बोलतं २२०० मेगाहर्ट्झच्या वर, आणि जीएमआरटी ऐकतं साधारण १५० ते १४५० पर्यंत. पण या मर्यादेतलं असेल तर ऐकतं हं, ऑक्टोबर २०१६ मधे मंगळावर उतरणाऱ्या स्कियापरेली यानाचा सिग्नल नारायणगावजवळच्या याच डिशनी पकडला होता.

ज्यांना स्वतः ऐकायचंय त्यांनी रविवारी वेताळ टेकडीवर या, एओ-७ चा पास, म्हणजे तो आपल्या आकाशातून कधी जातो, ते बघून वेळ कळवतो. पास २० मिनिटांच्या आसपास असतो, ऐकू येईलच अशी गॅरंटी नाही. ट्रान्समिट कोणी करायचं नाही, त्याला लायसन्स लागतं. टोपी आणि पाणी आणा, वर सावली नाहीये.